आपली करमणूक कोण निवडतं?

आज जरा जुन्या गोष्टी सांगायच्या आहेत, पण त्यामागचं कारण अगदी ताजं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला, आणि एक जण म्हणाली, "एक ठराव करू या. दहावी होईस्तोवर पोरींच्या हातात फोन द्यायचा नाही." लगेच आठ-दहा हात वर झाले. तिची काळजी खोटी नव्हती. घरोघरी तेच चाललंय. पोरगी पुस्तक उघडून बसते आणि पुस्तकाच्या आत फोन असतो. रात्री बारा वाजले तरी पांघरुणाखाली उजेड दिसतो. काय बघते, काय खेळते, आईला कळत नाही. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही शाळेत शिकवलंय, तुम्ही सांगा." मी विचारलं, "ठरावात पोरांचं नाव का नाही?" कुणी काही बोललं नाही. "मला महिनाभर द्या, मग बोलते," असं म्हणून मी घरी आले.

त्या महिन्यात जो विचार केला तो आज तुमच्यापुढे मांडते. बाईनं काय ऐकावं, काय वाचावं, काय बघावं हे आपल्याकडे कोण ठरवत होतं, आणि बायकांनी ते थोडं थोडं करून आपल्या हातात कसं घेतलं, हा तो विषय आहे.

सुरुवात आपल्या तालुक्यातूनच करू. आपलं जांब म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. साल १६०८. रामनवमीला आपण जातो, दर्शन घेतो, प्रसाद घेऊन परत येतो. पण दासबोधातल्या सातव्या दशकात श्रवणावर एक समास आहे, तो फार थोड्या जणींनी लक्ष देऊन ऐकला असेल. कोणता ग्रंथ ऐकावा, खरा ग्रंथ कशाला म्हणावं, हे समर्थ तिथं सांगतात. ज्यानं गर्व उतरतो, धीर वाढतो, हातून दुसऱ्याचं भलं होतं, मनातला भ्रम जातो, तो ग्रंथ. नुसती फळं सांगणारे ग्रंथ पुष्कळ असतात, पण ऐकून माणसात काहीच फरक पडला नाही तर त्याला ग्रंथ कशाला म्हणायचं, असा त्यांचा रोख आहे. समर्थ बोलत होते ते परमार्थाबद्दल, करमणुकीबद्दल नव्हे, हे खरं. पण पारखायची रीत बघा. ग्रंथ कुणाचा, केवढा, किती मानाचा, यावर ते थांबत नाहीत. ऐकणाऱ्याचं त्यानं काय झालं, हे ते बघतात. ही रीत आपण पुढे वापरणार आहोत, म्हणून लक्षात ठेवा.

आता त्या काळातली बाई डोळ्यांपुढे आणा. तिला अक्षरओळख नाही. पोथी ती ऐकणार, वाचणार दुसरा कुणीतरी. श्रीधरस्वामींचा हरिविजय १७०२ सालचा, शिवलीलामृत १७१८ सालचं. श्रावणात देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर पोथी लागली की बायका खांबाआड बसून ऐकत. गोष्टी रसाळ होत्या, त्यात रडू होतं, हसू होतं, संकटातून सुटका होती. त्या बायकांची तीच कादंबरी आणि तोच सिनेमा. पण कोणती पोथी लावायची, कुठला अध्याय किती दिवस चालवायचा, हे बाईला कुणी विचारत नव्हतं.

एक जागा मात्र तिची स्वतःची होती, ती म्हणजे जातं. पहाटे जात्यावर बसल्यावर कोणती ओवी म्हणायची हे तिचं तीच ठरवायची. भावाची म्हणायची, मुराळ्याची म्हणायची, की सासरच्या जाचाची, तो तिचा प्रश्न. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या जमवल्या. त्यांचा साठा एक लाखाच्या वर गेला. त्यातल्या काही ओव्या आपल्या शेजारच्या, गंगेपलीकडच्या माजलगावच्या आहेत. तिथल्या भीमनगरमधल्या बायकांनी १९९६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या म्हणून दाखवल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. विचार करा, जातं जुनं, चाल जुनी, पण विषय त्यांनी स्वतः निवडलेला. तो त्यांना कुठल्या पोथीतून मिळालेला नव्हता.

पुढे छापखाने आले आणि पुस्तकं स्वस्त झाली. मुलींच्या शाळा निघाल्या, बायका वाचायला लागल्या, आणि तेव्हापासून बाईनं काय वाचू नये याची चर्चा सुरू झाली. कादंबरी वाचून बाई बिघडते, नाटक बघून बिघडते, असं छापून येऊ लागलं.

अशा वेळी आपल्या शेजारच्या बुलढाण्यातून एक बाई बोलली. ताराबाई शिंदे तिचं नाव. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बायकांवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं आणि १८८२ साली पुण्यात छापून घेतलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्या पुस्तकातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी गाजलेल्या कादंबऱ्या आणि नाटकं त्यांनी वाचली होती, आणि त्यातल्या बायका कशा रंगवल्यात यावर त्यांनी पुरुष लेखकांना जाब विचारला आहे. म्हणजे "हे वाचू नका" असं सांगणारे सगळे एका बाजूला, आणि "मी वाचलं, आणि यात काय खोटं आहे ते सांगते" असं म्हणणारी ही एकटी बाई दुसऱ्या बाजूला. पुढे हे पुस्तक लोकांच्या विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे ते आपल्यापर्यंत आलं.

त्याच पिढीतल्या काशीबाई कानिटकर. जन्म १८६१ चा. लग्नानंतर, घरच्यांची नजर चुकवत त्या वाचायला शिकल्या, आणि पुढे स्वतः कादंबरीकार झाल्या. आनंदीबाई जोशींचं चरित्र त्यांनी १८८९ साली लिहिलं. पुढे ऑगस्ट १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक सुरू झालं. बाईनं निवडून वाचावं म्हणून तिच्या नावानं मासिक टपालानं घरी येणं, ही तेव्हा केवढी गोष्ट होती.

पण हे सगळं पुण्या-मुंबईकडचं. आपण होतो निजामाच्या राज्यात. वरच्या शाळेत शिकायचं तर उर्दूतून. मराठी पुस्तक हाती येणंच अवघड, मग त्यात निवड कसली? ज्यांनी वाचनालयं काढली ती हट्टानं काढली. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं आहे. १९२९ च्या गश्ती निशान ५३ नंतर सभेलासुद्धा आधी परवानगी घ्यावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. १९५५ साली हैदराबाद राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि १९६७ साली महाराष्ट्राचा. मग कुठे सरकारी अनुदानाची छोटी वाचनालयं गावांपर्यंत पोचली. म्हणजे आपल्या भागातल्या बाईला कपाटासमोर उभं राहून "हे नको, ते द्या" म्हणता येऊ लागलं, त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

त्या कपाटासमोर मीही उभी राहिले आहे. मी नववीत होते. वाचनालयातून एक पातळशी कादंबरी आणली. मुखपृष्ठावर पदर ढळलेली बाई. आत तसं काही नव्हतं, पण ते कुणी उघडून बघितलं नाही. आमच्या वडिलांनी चित्र बघितलं आणि पुस्तक चुलीत घातलं. वाचनालयाचा दंड आईनं अंडी विकून साठवलेल्या पैशातून भरला. वडील चांगले होते, हे आधी सांगते. त्यांना भीती वाटली होती, आणि त्या भीतीला काय करायचं हे त्यांना कळलं नाही.

आईला अक्षर वाचता येत नव्हतं. चार दिवसांनी कापूस वेचताना तिनं हळूच विचारलं, "काय होतं गं त्यात?" मी सांगायला लागले. तीन दिवस गोष्ट चालली. पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं, म्हणून शेवट मी माझ्या मनानं केला. आई ऐकून म्हणाली, "पोरगी काही वाईट नव्हती. तिला कुणी काही विचारलंच नाही." पुस्तक न वाचता आईनं त्याचं जेवढं नेमकं परीक्षण केलं, तेवढं मला पुढे कॉलेजातही जमलं नाही.

असल्या पुस्तकांचा वाद त्या काळात थेट दिल्लीपर्यंत गेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. चंद्रकांत काकोडकर हे तेव्हाचे खपाचे लेखक. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही गोष्ट आली. ती अश्लील आहे म्हणून खटला झाला, खालच्या कोर्टानं सोडून दिलं, पण हायकोर्टानं दोषी ठरवलं. १९६९ साली सुप्रीम कोर्टानं काकोडकरांना सोडलं. न्यायमूर्तींचं म्हणणं साधारण असं होतं की, स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक वाईट ठरवलं, तर वयात येणाऱ्या मुलांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, त्यांच्या हाती फक्त धार्मिक पुस्तकं उरतील. गोष्ट थोर आहे असं कोर्टानं म्हटलं नाही. ती वाचून ठरवायची असते, एवढं त्यातून मी घेतलं. चुलीत घालण्याआधी कुणीतरी वाचायला पाहिजे.

मग रेडिओ आला. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायची. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव, आपलं नाव, गावाचं नाव लिहून पाठवायचं. गाण्याआधी नावं वाचली जायची, आणि आपल्या गावाचं नाव आलं की अख्खी गल्ली रेडिओपाशी गोळा व्हायची. आमच्या वाड्यातल्या चार बायकांनी मिळून एक कार्ड पाठवलं होतं. त्या कार्डासाठी कोणतं गाणं लिहायचं यावर तीन दिवस भांडण चाललं होतं! आमचं नाव लागलं की नाही आठवत नाही. भांडण मात्र आठवतं. आपल्याला काय आवडतं याबद्दल बायका एकमेकींशी भांडताहेत, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. दिवसभर गाडीवरून भोंगा फिरायचा, रात्री पडदा लागायचा, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. कुठला सिनेमा आणायचा ते तंबूवाला ठरवणार आणि बायकांना न्यायचं की नाही ते घरचा कारभारी. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा मात्र उलटं घडलं. बायकांनीच ठरवलं की हा बघायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही गेलो. अलका कुबल रडली तशी सगळी बायकांची बाजू रडली. शिकलेल्या लोकांनी त्या सिनेमाला पुष्कळ नावं ठेवली, आणि सोसणाऱ्या बाईची एवढी आरती कशाला हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. परत येताना ट्रॉलीत आमच्यातच तो वाद झाला. एक म्हणाली, "अगदी माझंच चित्र काढलंय." दुसरी म्हणाली, "मी तिच्या जागी असते तर एवढं सोसलं नसतं." मला वाटतं, ताराबाईंनी १८८२ साली जे केलं तेच ही दुसरी बाई ट्रॉलीत बसून करत होती, ताराबाईंचं नावसुद्धा न ऐकता.

आता फोनकडे येते. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि फोन शेतात, चुलीपाशी, ऊसतोडीच्या फडातही पोचला. पुस्तकं, सिनेमे, गाणी, खेळ, सगळं एका डबीत आलं. कुणाची परवानगी नको, दंड नको, ट्रॉली नको. वाटलं, आता बाईला हवं ते मिळालं.

पण नीट बघा. तुम्ही एक व्हिडिओ बघता. तो संपायच्या आत दुसरा सुरू होतो. तो कुणी निवडला? आपण किती वेळ कशावर थांबलो, याची नोंद ठेवून फोनमधलं गणित आपल्याला पुढचं ताट वाढतं. जास्त वेळ बसवून ठेवलं की त्यांच्या जाहिराती जास्त चालतात, हा त्यांचा धंदा. म्हणजे पोथी लावणारा गेला, तंबूवाला गेला, आणि त्यांच्या जागी हा नवा कारभारी आला. फरक एवढाच की तो दिसत नाही, म्हणून आपलं आपणच निवडलं असं वाटतं.

म्हणून मैत्रिणींनो, त्या ठरावाबद्दल माझं मत असं. फोन हिसकावणं म्हणजे पुस्तक चुलीत घालणंच आहे. भीती खरी, उपाय कच्चा. पोरीला निवडता आलं पाहिजे, आणि ते शिकवायचं तर आधी आपल्याला आलं पाहिजे. ठरावात पोरींसोबत पोरांचंही नाव पाहिजे, आणि आपलंही.

त्यासाठी मी तीन प्रश्न काढलेत. पहिला, हे मी निवडलं की आपोआप समोर आलं? यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याचं बटण बंद करता येतं. आधी काय काय बघितलं ती यादीही पुसता येते. आजच रात्री पोरीला जवळ बसवून दोघींनी मिळून ते करा. तिला ते आपल्यापेक्षा चांगलं येतं, तिच्याकडून शिकायला लाजू नका.

दुसरा प्रश्न आपल्या जांबच्या समर्थांचा. उठताना माझं काय झालं? मन हलकं झालं, हसू आलं, काही नवं कळलं, कुणाची दया आली, तर वेळ वाया गेला नाही. करमणूक म्हणजे दर वेळी शिकवणच पाहिजे असं नाही, पोट धरून हसणं हीसुद्धा कमाईच आहे. पण उठताना चिडचिड होत असेल, आपलं घर, आपला रंग, आपला नवरा उगाच खुजा वाटायला लागला असेल, तर त्या गोष्टीनं आपल्याकडून काहीतरी घेतलं असं समजा.

तिसरा, हे मी कुणाला तरी सांगेन का? जे आवडतं ते सांगावंसं वाटतं. मी आईला गोष्ट सांगितली तशी. जे लपवावंसं वाटतं, त्याबद्दल पोरीला रागावू नका, विचारा. माझ्या आईनं विचारलं तसं, हातातलं काम चालू ठेवून.

काही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. सिनेमाच्या प्रमाणपत्रावर आता वय लिहिलेलं असतं. यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे प्रकार २०२४ पासून सिनेमागृहातल्या चित्रपटांनाही आले. फोनवरच्या मालिकांच्या सुरुवातीलाही वयाची खूण असते, ती बघा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं बंदी आली आहे. तेव्हा घरातला मुलगा किंवा मालक "नुसता गेम आहे" म्हणत रमीवर पैसे लावत असेल, तर तो करमणुकीचा प्रश्नच नाही, खिशाचा आणि कायद्याचा आहे. पंचमीला आपण सागरगोटे, फुगड्या खेळतो, त्यात कुणाचं शेत गहाण पडत नाही.

आणि चांगलं फुकटही मिळतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक नेटवर मोफत वाचता येतात. मराठी विश्वकोशही तिथं मोफत आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी घरातल्या पोरीनं मोठ्यानं वाचावं. पोथी तशीच ऐकली जायची ना?

पुढच्या बैठकीत मी ठरावात एक बदल सुचवणार आहे. हप्ता भरताना प्रत्येकीनं, लेकीला सोबत आणून, त्या महिन्यात आपण स्वतः निवडलेली एक गोष्ट सांगायची. पुस्तक असो, सिनेमा असो, गाणं असो, खेळ असो. आवडली तर का, नाही आवडली तर का. मंजूर होईल की नाही सांगता येत नाही, भांडणही होईल. पोस्टकार्डावरच्या गाण्यासाठीही झालंच होतं.

तुम्ही या आठवड्यात काय निवडलं, ते शेजारणीला जरूर सांगा. नमस्कार.